रंग उडण्यावरून अभिक्रियेचा वेग मोजणे: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीतलं विज्ञान, हीच सीमाभागातल्या आपल्या बहुतेक मुलांची वाट. थिअरी कशीबशी पाठ होते, पण लॅबमध्ये हातात पिपेट आली की शंका सुरू होतात. 'केमिकल कायनेटिक्स'च्या प्रॅक्टिकलमध्ये पीयूसी आणि बी.एस्सी.ची मुलं जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. पण दुसरा प्रश्न मात्र चुकवू नका, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

प्रयोग नेमका काय आहे?

क्रिस्टल व्हायोलेट हा गडद जांभळा रंग. त्याच्या अगदी पातळ द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, मिसळला की जांभळा रंग फिका होत होत नाहीसा होतो. रंगाच्या रेणूत मधोमध एक कार्बन असतो आणि त्याला तीन बेंझिन कडी जोडलेली असतात. धन प्रभार या सगळ्या सांगाड्यावर पसरलेला असतो, म्हणून रेणू दृश्य प्रकाश शोषतो आणि आपल्याला जांभळा दिसतो. हायड्रॉक्साइड येऊन त्या मधल्या कार्बनला चिकटला की ही साखळी तुटते आणि रेणू रंगहीन होतो. कॉस्टिक सोड्याला रंग नाही, तयार होणाऱ्या पदार्थालाही नाही. त्यामुळे द्रावणात जेवढा जांभळेपणा उरलाय तेवढाच मूळ पदार्थ उरलाय, असं बिनधास्त म्हणता येतं. शिकण्यासाठी हा प्रयोग निवडतात तो याच सोयीसाठी.

रंग पूर्ण जायला किती वेळ लागला ते लिहिलं की झालं ना?

नाही. आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

ही अभिक्रिया रंगाच्या बाबतीत प्रथम कोटीची आहे. म्हणजे ठरावीक वेळात ठरावीक *प्रमाणात* रंग कमी होतो. समजा दोन मिनिटांत निम्मा झाला. पुढच्या दोन मिनिटांत उरलेल्याचा निम्मा, त्यापुढच्या दोन मिनिटांत त्याचाही निम्मा. हिशेबाने बघितलं तर तो शून्यावर कधीच येत नाही. 'गेला' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्याला दिसेनासा झालेला असतो, एवढंच.

आता गंमत बघा. एकाच टेबलावरच्या दोन मुली एकाच परीक्षानळीकडे बघतायत. एकीला मूळ रंगाच्या बत्तिसाव्या भागापर्यंत दिसतं, दुसरीला चौसष्टाव्या भागापर्यंत. पहिली दहा मिनिटं लिहिणार, दुसरी बारा. नळी एक, अभिक्रिया एक, उत्तरात वीस टक्क्यांचा फरक, आणि दोघींपैकी कुणी चुकलेलं नाही. शिवाय रंग दुप्पट घेतलात तरी 'जायला' फक्त एक अर्धायु (निम्मं व्हायला लागणारा वेळ), म्हणजे दोनच मिनिटं जास्त लागतात. मग वहीत लिहिलं जातं, 'संहती (द्रावणातलं पदार्थाचं प्रमाण) दुप्पट केल्याने विशेष फरक पडत नाही'. निरीक्षण खरं, निष्कर्ष साफ चुकीचा.

म्हणून रंग संपण्याची वाट बघत बसू नका. तो निम्मा कधी झाला, पाव कधी झाला, एक-अष्टमांश कधी झाला, या वेळा पकडा. या वेळांमधली अंतरं सारखी आली तर अभिक्रिया प्रथम कोटीची, आणि ते अंतर म्हणजेच तुमची अर्धायु.

पण रंग कमी झाला म्हणजे संहती तेवढीच कमी झाली, हे कशावरून?

बिअर-लँबर्टच्या नियमावरून. बूगेर (१७२९), लँबर्ट (१७६०) आणि बिअर (१८५२) या तिघांच्या कामातून तो तयार झाला. पातळ द्रावणाचा ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला त्याचं माप) हा संहती आणि प्रकाशाने द्रावणातून कापलेलं अंतर यांच्या सम प्रमाणात असतो. इथे कलरीमीटरवरचे (द्रावणातून पार येणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावरचे) दोन आकडे वेगळे ठेवा. ट्रान्समिटन्स म्हणजे किती टक्के प्रकाश पार आला ते. तो संहतीच्या प्रमाणात बदलत नाही. ॲब्सॉर्बन्स त्याच्या लॉगवरून येतो, आणि तो प्रमाणात बदलतो. ५० टक्के प्रकाश पार आला तर ॲब्सॉर्बन्स ०.३०, १० टक्के आला तर १.०. बऱ्याच रेकॉर्डमध्ये मुलं ट्रान्समिटन्सच वेळेसमोर काढतात आणि रेघ वाकडी का आली म्हणून विचारत बसतात.

जांभळ्या द्रावणाला जांभळा फिल्टर लावायचा ना?

उलट. द्रावण जो प्रकाश गिळतं तो मोजायचा असतो. जांभळा दिसतो तो न गिळलेला प्रकाश. क्रिस्टल व्हायोलेट सगळ्यात जास्त गिळतं ते ५९० नॅनोमीटरच्या आसपासचं पिवळं-नारिंगी. तुमच्या कलरीमीटरच्या चकतीवर ५९० नसेल तर त्याच्या जवळचा जो असेल तो घ्या आणि कोणता घेतला ते रेकॉर्डमध्ये लिहा. पोटॅशियम परमँगनेटला मात्र हिरवा, ५२५ च्या जवळचा. दोन्ही द्रावणं डोळ्याला जवळपास सारखी दिसतात, म्हणून इथे गोंधळ होतो.

क्रिस्टल व्हायोलेट मिळतं कुठे? कॉलेजच्या बाटलीत खडखडाट आहे.

मेडिकल दुकानात जेन्शन व्हायोलेट म्हणून विकतात तेच. तोंड आलं की आजी कापसाने लावायची ते जांभळं औषध. बाटलीवर एक टक्का किंवा अर्धा टक्का लिहिलेलं असतं. एक टक्क्याचं एक मिलिलिटर घेऊन त्याचं एक लिटर केलंत तर साधारण २४.५ मायक्रोमोलार द्रावण मिळतं (रेणुभार ४०८ धरून). त्यात तेवढाच कॉस्टिक सोडा मिसळला की संहती निम्म्यावर येते आणि एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मीटरमध्ये ठेवायच्या छोट्या पारदर्शक डबीत) ॲब्सॉर्बन्स एकच्या आसपास सुरू होतो. अगदी हवा तसा. मेडिकलच्या बाटलीत बऱ्याचदा त्याचे भाऊबंद असलेले मिथिल व्हायोलेटचे रंगही मिसळलेले असतात, म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळवायला जाऊ नका. कोटी आणि पद्धत शिकायला ते पुरेसं आहे.

अर्धा टक्क्याचं असेल तर दोन मिलिलिटर घ्या. हे विचारावं लागतं, म्हणून लिहिलं.

कॉस्टिक सोडा एवढा जास्त का घ्यायचा?

खरा वेग दोघांवर अवलंबून आहे, रंगावर आणि हायड्रॉक्साइडवर. दोघेही एकदम बदलायला लागले तर हिशेब गुंतागुंतीचा होतो. पण ०.१ मोलार कॉस्टिक आणि वरचं रंगाचं द्रावण समसमान मिसळलंत तर हायड्रॉक्साइड रंगाच्या जवळजवळ चार हजार पट असतो. सगळा रंग संपला तरी त्याच्यात काही कमी झाल्याचं जाणवत नाही. तो स्थिर धरता येतो आणि अभिक्रिया प्रथम कोटीची असल्यासारखी वागते. यालाच आभासी प्रथम कोटी म्हणतात. आलेल्या वेगस्थिरांकाला (रेट कॉन्स्टंटला) हायड्रॉक्साइडच्या संहतीने भागलं की खरा द्वितीय कोटीचा वेगस्थिरांक.

एक काळजी घ्या. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे, खानापूर-कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका, कॉस्टिकच्या गोळ्या बाटलीतून काढून तराजूवर ठेवेपर्यंत ओल्या होऊन बटर पेपरला चिकटतात. वर हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतात. वजन चार ग्रॅम दिसतं, पण त्यातलं पाणी किती आणि कॉस्टिक किती हे तराजू सांगत नाही. द्रावण केलं की ऑक्झॅलिक आम्लाने टायट्रेट करूनच त्याची संहती लिहा.

रीडिंग प्रत्यक्ष कशी घ्यायची?

आधी डिस्टिल्ड वॉटर भरलेल्या क्युव्हेटने मीटर शून्यावर आणा. क्युव्हेटच्या दोन बाजू खडबडीत आणि दोन गुळगुळीत असतील तर बोटं खडबडीत बाजूलाच लागली पाहिजेत. गुळगुळीत बाजूवर बोटाचा ठसा उमटला तर मीटर त्यालाही रंगच समजतो.

दोन चंचुपात्रांत पाच-पाच मिलिलिटर, एकात रंग, एकात कॉस्टिक. कॉस्टिक रंगात एकदम ओता आणि अर्धं ओतलं गेलं की स्टॉपवॉच सुरू करा. एकदा हलवा. थोडं द्रावण क्युव्हेटमध्ये घेऊन ते फेकून द्या, मग भरा. भरताना क्युव्हेट तिरपी धरून हळू ओता. घाईत ओतलं की आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटतात आणि पहिल्या दोन रीडिंग उगाच वर जातात. अटेंडर मामा मागून 'निधान, निधान' (कन्नडमध्ये 'हळू, हळू') करतात ते याच वेळी, आणि त्यांचं ऐकावं.

मग दर तीस सेकंदांनी आकडा. ॲब्सॉर्बन्स ०.१ च्या खाली गेला की थांबा, त्याखाली मीटरचा आकडा भरवशाचा नसतो.

अजून एक. हा रंग काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटतो. प्रयोग झाल्यावर क्युव्हेटच्या भिंतीवर फिकट जांभळी झाक राहते. ती तशीच राहू दिली तर पुढच्या बॅचची सुरुवातच चुकते. थोड्या अल्कोहोलने खंगाळा, मग पाण्याने.

एक उदाहरण आकड्यांसकट द्याल का?

समजा तुम्हाला असं मिळालं: सुरुवातीला ०.९६, एका मिनिटाला ०.६८, दोनला ०.४८, तीनला ०.३४, चारला ०.२४, सहाला ०.१२.

०.९६ चा ०.४८ व्हायला दोन मिनिटं, ०.४८ चा ०.२४ व्हायला दोन, ०.२४ चा ०.१२ व्हायलाही दोन. अर्धायु १२० सेकंद. ०.६९३ ला १२० ने भागा, आभासी वेगस्थिरांक दर सेकंदाला ०.००५८. मिश्रणात हायड्रॉक्साइड ०.०५ मोलार होता, त्याने भागलं की ०.११५ किंवा ०.११६, एकक लिटर प्रति मोल प्रति सेकंद. आलेखाने करायचं तर ॲब्सॉर्बन्सचा नैसर्गिक लॉग वेळेसमोर काढा. सरळ उतरती रेघ येते आणि तिच्या चढाचं चिन्ह बदललं की तोच वेगस्थिरांक.

रंगाच्या संहतीचे खरे आकडे कुठेच लागले नाहीत, हे लक्षात आलं का? गुणोत्तर घेताना बिअर-लँबर्टमधला स्थिरांक कटून जातो. म्हणूनच मेडिकलच्या औषधावरही हा प्रयोग चालतो.

आमच्याकडे एकच कलरीमीटर आणि बॅचमध्ये वीस मुलं. मग?

मग तुलनेच्या नळ्या करा. माझ्या मते पीयूसीच्या मुलांनी हीच पद्धत आधी करायला हवी. मीटरचा आकडा उतरवून घेण्यापेक्षा यात जास्त समजतं.

रंगाचं द्रावण आणि पाणी समसमान मिसळा. ही झाली पूर्ण रंगाची नळी, कारण प्रयोगातही रंग कॉस्टिकने तेवढाच पातळ होणार आहे. तिच्यातलं निम्मं घेऊन तेवढंच पाणी, ही अर्ध्याची. तिच्यावरून पावाची, मग एक-अष्टमांशाची. सगळ्या नळ्या एकाच मापाच्या आणि एकाच उंचीपर्यंत भरलेल्या हव्यात. स्टँडमध्ये ओळीने लावा, मागे पांढरा कागद, उजेड खिडकीतून. ऊन थेट पडू देऊ नका.

आता खरी अभिक्रिया चालू करा आणि ती नळी अर्ध्याच्या शेजारी धरा. दोन्ही सारख्या दिसल्या की वेळ लिहा. मग पावाच्या शेजारी. एकाने बघायचं, दुसऱ्याने घड्याळ धरायचं आणि बघणाऱ्याला वेळ सांगायची नाही. सांगितली की डोळा आधीच्या अंतराइतकीच वेळ बरोबर शोधून काढतो. 'किती उरलं' हे डोळ्याला सांगता येत नाही, पण 'या दोन नळ्या सारख्या आहेत का' हे तो बऱ्यापैकी अचूक ओळखतो. पद्धत त्याच्यावरच उभी आहे.

मोबाईलने करता येईल का?

येईल, पण फोटो काढून रंगाचे आकडे बघण्याच्या फंदात पडू नका. कॅमेरा दर फोटोला उजेड आणि रंग स्वतःच जुळवून घेतो. फिकं होत चाललेलं द्रावण तो आपणहून गडद करून दाखवतो. शिवाय फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून थोडं जमतं, पूर्ण जमत नाही.

त्यापेक्षा अँड्रॉइड फोनचा लाइट सेन्सर वापरा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे फुकट ॲप सेन्सरचा आकडा लक्समध्ये वेळेसकट नोंदवतं. आयफोनवर ही सोय नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून काळा कागद लावा. एका बाजूला दिवा, मध्ये नळी, दुसऱ्या बाजूला सेन्सरवर बारीक भोक. दिवा मात्र टॉर्चचा पांढरा नको. पांढऱ्या प्रकाशातले निळे आणि लाल भाग हा रंग गिळतच नाही, ते सरळ पार जातात आणि ॲब्सॉर्बन्स खोटा कमी दाखवतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी पिवळट अंबर एलईडी घ्या. तिचा प्रकाश ५९० च्या आसपासच असतो, जणू याच प्रयोगासाठी केलेली. नऊ व्होल्टची बॅटरी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर लावला की पंधरा मिलिअँपिअरच्या आसपास करंट, तेवढा पुरे. नुसत्या पाण्याची लक्स भागिले द्रावणाची लक्स, त्याचा लॉग, झाला ॲब्सॉर्बन्स.

लॅबच्या कलरीमीटरपेक्षा याचा एक फायदाच आहे. व्होल्टेज खालीवर झालं की जुन्या मीटरचा दिवा मंद-तेज होतो आणि आकडा नाचतो. बॅटरीवर तो त्रास नाही.

सकाळच्या बॅचचं आणि दुपारच्या बॅचचं उत्तर वेगळं येतं. कोणाचं बरोबर?

दोघांचंही, तापमान लिहिलं असेल तर. नसेल लिहिलं तर दोघांचंही निरुपयोगी.

डिसेंबरात सकाळी लॅबमध्ये १८ अंश आणि एप्रिलमध्ये दुपारी ३० अंश, हा फरक बेळगावात काही विशेष नाही. ज्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) ५३ किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास असते, तिचा वेग २५ वरून ३५ अंशांवर गेल्यावर दुप्पट होतो. पुस्तकातलं 'दहा अंशाला दुप्पट' येतं ते इथून, आणि ते प्रत्येक अभिक्रियेला लागू पडत नाही. अशा अभिक्रियेत १८ ते ३० या बारा अंशांत वेग सव्वादोन पटीहून जास्त होतो. म्हणून आधी दोन्ही द्रावणं एकाच पाण्याच्या टबात दहा मिनिटं ठेवा आणि मिसळल्यावर मिश्रणात थर्मामीटर बुडवून लिहा. खोलीचं तापमान भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी लटकलेल्या थर्मामीटरवरून लिहायचं नसतं. जुन्या मीटरमध्ये आतल्या दिव्यानेही क्युव्हेट हळूहळू तापते. त्यामुळे दोन रीडिंगच्या मध्ये क्युव्हेट बाहेर काढून ठेवलेली बरी.

तीन-चार तापमानांना वेगस्थिरांक काढून त्याचा लॉग केल्व्हिन तापमानाच्या व्यस्तांकासमोर (एक भागिले तापमान) मांडला की अऱ्हेनिअसची (१८८९) रेघ मिळते. तिच्या चढावरून सक्रियण ऊर्जा.

जाता जाता: थर्मामीटर तपासायला उकळत्या पाण्यात बुडवला आणि साडेसत्त्याण्णव दिसले तर तो फेकून देऊ नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे पाणी तेवढ्यालाच उकळतं. शंभर बघायचे असतील तर कारवारला जायला लागेल.

डिस्टिल्ड वॉटर संपलं. राकसकोप जलाशयातून येणारं नळाचं पाणी चालेल ना? पिण्याचंच आहे.

पिण्याचं आहे म्हणूनच नाही चालत. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा लागतो. आकडा छोटा वाटतो, पण तो जवळपास तीन मायक्रोमोलार होतो, आणि आपला रंग मुळातच बारा मायक्रोमोलार! क्लोरीन रंग उडवतो. म्हणजे कॉस्टिक घालायच्या आधीच थोडा रंग गेलेला. कडक पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कॉस्टिकबरोबर गढूळपणा आणतं, तो वेगळाच. गढूळपणाही प्रकाश अडवतो आणि मीटरला तो रंगच वाटतो.

बी.एस्सी.ला 'आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणातली आयनांची एकूण गर्दी) सारखी ठेवा' म्हणतात. का?

क्रिस्टल व्हायोलेट धन आयन, हायड्रॉक्साइड ऋण. भोवती इतर आयनांची गर्दी वाढली की या दोघांची ओढ कमी होते आणि वेग मंदावतो. कॉस्टिक ०.०२५ वरून ०.०५ मोलार केलात तर वेग दुप्पट व्हायला हवा, पण त्याच वेळी आयनांची गर्दीही वाढते. डिबाय-ह्युकेलच्या साध्या मर्यादा-नियमाने (लिमिटिंग लॉ) ती वेगस्थिरांक पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी करते. मग कोटी १ ऐवजी ०.८ वगैरे येते आणि मुलं घाबरून आकडे 'दुरुस्त' करतात. करू नका. कमी कॉस्टिकच्या नळीत सोडियम क्लोराइड घालून एकूण आयन सारखे करा.

टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग थोड्या वेळाने जातो, तेही हेच का?

छान प्रश्न, आणि उत्तर नाही असं आहे. टायट्रेशनच्या शेवटी एखादाच थेंब कॉस्टिक जास्त असतो. फ्लास्क उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड तो खाऊन टाकतो, पीएच उतरतो आणि निर्देशक आपला रंग सोडतो. कॉस्टिकचा एक थेंब टाका, गुलाबी परत.

पण त्याच फिनॉल्फ्थॅलीनचे एक-दोन थेंब ०.२-०.३ मोलार कॉस्टिकमध्ये टाकले तर गडद गुलाबी येऊन तो काही मिनिटांत हळूहळू उडतो. इथे कॉस्टिक भरपूर आहे. हायड्रॉक्साइड रेणूलाच चिकटतोय. क्रिस्टल व्हायोलेटमध्ये झालं तेच. यात कॉस्टिकचा थेंब टाकून रंग परत येत नाही. उलट पाणी किंवा थोडं आम्ल घालून तीव्रता कमी केली की हळूहळू येतो. इथे रंगाचा आयन ऋण आणि हायड्रॉक्साइडही ऋण, म्हणून मीठ घातल्यावर वेग *वाढतो*. वरच्या प्रश्नाच्या अगदी उलट. बी.एस्सी.च्या मुलांनी दोन्ही शेजारी शेजारी करून बघावं. हा रंग थोडा शिल्लक राहतो, तेव्हा अर्धायु काढताना शेवटी स्थिरावलेला ॲब्सॉर्बन्स आधी वजा करा.

परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं काय? त्यातही रंग जातोच.

जातो, आणि तो जास्त नाटकी आहे. ऑक्सफर्डला हारकोर्ट आणि एसन यांनी १८६० च्या दशकात याच अभिक्रियेवर वेगाचे नियम तपासले होते. गंधकाम्ल (सल्फ्युरिक आम्ल) घालून थंड मिश्रण केलं की सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं. मुलं पुन्हा आम्ल घालायला धावतात. मग अचानक रंग भराभर उतरायला लागतो. कारण तयार होणारा मँगनीज आयनच पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतो. सुरुवातीलाच चिमूटभर मँगनीज सल्फेट टाका, तो सुरुवातीचा आळस गायब.

इथे 'रंग गेला'ची वेळ लिहिणाऱ्याला यातलं काही कळतच नाही. त्याच्या लेखी दोन प्रयोगांची वेळ फक्त कमी-जास्त. वक्र काढणाऱ्याला मात्र आधी सपाट, मग उतार, मग पुन्हा सपाट असा आकार दिसतो. मधूनच द्रावण पिवळट-तपकिरी झालं तर ते मँगनीजच्या मधल्या अवस्थेचं ऑक्झॅलेट. ते पुढे रंगहीन होतं. तपकिरी गाळ बसला तर आम्ल कमी पडलं. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, परमँगनेट त्याच्यातल्या क्लोराइडवरच खर्च होतं.

पीयूसीच्या थायोसल्फेट आणि आम्लाच्या प्रयोगात तर भांड्याखालच्या कागदावरचा 'क्रॉस दिसेनासा झाला'ची वेळच लिहितो. ते चुकीचं?

ते बरोबर आहे. तिथे गंधक साचून गढूळपणा येतो आणि दर वेळी *तेवढंच* गंधक तयार झालं की क्रॉस झाकतो. ठरावीक मजल गाठायला लागलेला वेळ मोजतोय, म्हणून एक भागिले वेळ हे वेगाचं माप चालतं. रंग उडण्याच्या प्रयोगात 'दिसेनासा' ही मजल सुरुवातीच्या रंगावर आणि बघणाऱ्याच्या डोळ्यावर बदलते.

घरी हळदीवर करता येईल?

बघायला मजा, मोजायला नको. कॉस्टिक सोडा घरी वापरूही नका. सोड्याच्या पाण्यात हळद लाल होते आणि अल्कलीत तिच्यातलं कुर्कुमिन हळूहळू मोडतं, हे खरं. पण मोडून तयार होणारे पदार्थही पिवळट-तपकिरी असतात. रंग कुणाचा मोजताय हेच कळत नाही.

याचा बाहेर उपयोग काय?

आपल्या जिल्ह्यात उत्तर शेतातच आहे. ऊस तोडून फडात पडला की त्यातल्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये विघटन सुरू होतं आणि कारखान्याला उतारा कमी मिळतो. अभिक्रियेचा वेग मोजून गणितात बसवण्याचं पहिलं महत्त्वाचं काम झालं ते याच विघटनावर, विल्हेल्मीने १८५० मध्ये. साखरेला रंग नाही, म्हणून त्याने ध्रुवीकृत प्रकाश किती वळतो ते मोजलं. द्रावणाला धक्का न लावता प्रकाशाकडून संहती विचारायची, युक्ती तीच. बेळगावच्या एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी साखर शिकायला गेलात तर पोलॅरीमीटर रोजचाच. औषधाच्या बाटलीवरची मुदतही याच हिशेबाने निघते. तिथे निम्मं होईपर्यंत थांबत नाहीत, दहा टक्के कमी झालं की मुदत संपली. शहापूर-वडगावच्या विणकरांना कच्चा रंग आणि पक्का रंग यातला फरक आपल्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

माझे सगळे ठिपके रेषेवर बसत नाहीत. काय करू?

बसू देऊ नका. सीनियरच्या रेकॉर्डमधून उतरवलेला आलेख लांबूनच ओळखू येतो, त्यात एकही ठिपका इकडेतिकडे नसतो. पहिले एक-दोन ठिपके वर असतील तर बुडबुडे किंवा अपुरं हलवणं. शेवटचे वर तरंगत असतील तर शून्य नीट जुळवलं नव्हतं किंवा भिंतीला रंग चिकटलाय. सगळी रेघच वाकत असेल तर कॉस्टिक कमी पडलाय. कारण लिहा आणि ठिपका तसाच ठेवा. चांगला परीक्षक त्यालाच मार्क देतो.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) इंग्रजी अडलं तर?

'आभासी प्रथम कोटी का', 'हा फिल्टर का', 'अर्धायु सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून आहे का' हे तीन ठरलेले. त्यांची उत्तरं इंग्रजीत दोन-दोन वाक्यांत तयार ठेवा. बाकी ठिकाणी अडलात तर आलेख पुढे करा आणि बोटाने दाखवा. आपल्याकडचे परीक्षक मराठी, कन्नड, इंग्रजी मिसळून बोलणारेच असतात, ते समजून घेतात.

हात जांभळे झाले. आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू का?

हाताला थोडं अल्कोहोल, मग साबण. दोन दिवस झाक राहील. ब्लीच लावून कातडी सोलून घेऊ नका. हातमोजे घातले असते तर हा प्रश्नच आला नसता. घरगुती औषध म्हणून हा रंग हलक्यात घेऊ नका. कॅन्सरच्या शक्यतेमुळे कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये जेन्शन व्हायोलेट असलेली औषधं वापरू नका असं सांगितलं. कॉस्टिक डोळ्यात उडाला तर सरांना शोधत बसू नका, आधी नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा.

न वापरलेलं जांभळं द्रावण सिंकमध्ये नको, ते पाण्यातल्या जिवांना विषारी आहे. रंग उडालेलं मिश्रणही लगेच आम्ल घालून उदासीन करू नका. आम्लाने ती अभिक्रिया उलटी फिरते आणि जांभळा रंग हळूहळू परत येतो. दोन्ही टाकाऊच्या मोठ्या बाटलीत ओता, झाकण लावा आणि वर तारीख घालून चिठ्ठी चिकटवा.